बखर खैराटवाडीच्या त्रेचाळीस निरोगी असामींची

श्रीधन्वंतरि प्रसन्न. जो नाडी चालवितो त्यास नमन, आणि जो नाडी मोजितो त्यासही नमन. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, या सालीं अमुक एका राज्यांत जें घडलें तें त्या राज्याचे आरोग्यदफ्तरांतील एका जुन्या कारकुनानें आपल्या हातें लिहिलें असे. ऐकणारांनीं स्वस्थ बसोन ऐकावें आणि लिहिणाराचें नांव पुसूं नये. नांव पुसण्याजोगी कीर्ति त्यानें केली नाहीं, हें वाचतां वाचतां कळेलच.

त्या राज्याचे धनीसाहेब मोठे थोर, रयतेच्या आरोग्याची काळजी पोटच्या लेकरांप्रमाणें वाहत, आणि खोड म्हणाल तर एकच, कीं कागदावर रिकामा रकाना दिसला तर त्यांचें पित्त खवळे. साथीचे सालीं गांवोगांवच्या आरोग्यसेविकांनीं सकाळीं घरोघर फिरोन प्रत्येक असामीचा ताप, नाडी आणि श्वास मोजावा, आणि तें दफ्तरीं कळवावें, आणि दफ्तरानें कोष्टकांत भरोन सरासरी काढावी आणि धनीसाहेबांपुढें ठेवावी, ऐसा शिरस्ता. आणि ज्या असामीची खबर त्या दिवशीं आली नाहीं तिच्या रकान्यांत कालचाच आकडा घालोन बाजूस ‘सदरहू’ लिहावें, म्हणजे काल होती तशीच आज आहे असें धरावें, ऐसा दुसरा शिरस्ता. येथवर सर्वांस ठाऊक होतें. परंतु एकाच असामीपुढें सलग तीन दिवस ‘सदरहू’ पडलें कीं कारकुनानें लेखणी खालीं ठेवावी, देवडीवर जावें आणि तेथला एक माणूस त्या घरीं पाठवावा, कीं बाबा, जा आणि डोळ्यांनीं पाहोन ये. हा उरलेला निम्मा शिरस्ता कोणत्याही वहींत लिहिलेला नव्हता. माझे अगोदरचे कारकुनानें तो मला चहा पितां पितां सांगितला, त्याला त्याचे अगोदरच्यानें तसाच सांगितला असेल, आणि एकतीस वर्षें तिसऱ्या सदरहूस माणूस मीच पाठवीत आलों. माणूस जाई, आणि परत येऊन कधीं म्हणे घरचे लग्नास गेलेत, कधीं म्हणे सेविकेचा पाय मुरगळला आहे, आणि कधीं कांहीं न बोलतां खालीं पाहोन उभा राही, मग मी ती ओळ बंद करीं.

मग धनीसाहेबांचे मनांत आलें कीं सगळ्या राज्यांत यंत्रें आलीं आणि आपलें दफ्तर अजून शाईंत बुडालेलें, हें शोभत नाहीं. तेव्हां चारुदत्त निमकर म्हणोन एक विद्वान, उमर तिशीची, अंगानें किडकिडीत, आकड्यांचें शास्त्र दूरदेशीं शिकोन आलेला, त्यास बोलावून अधिकाराचीं वस्त्रें दिलीं आणि दफ्तर त्याचे हवालीं केलें. निमकरांनीं संख्यायंत्र आणिलें. ज्यास नवे लोक सॉफ्टवेअर म्हणतात तें हेंच. त्यास हात नाहींत, पाय नाहींत, रजा लागत नाहीं, पान लागत नाहीं, आणि लाखभर असामींची सरासरी तें डोळा मिटेतों काढी. गांवोगांवच्या सेविकांस काचेची एकेक पाटी दिली, आणि पाटीवर बोट ठेविलें कीं आकडा थेट राजधानींत. माझें मेज उचलोन जिन्याखालीं, पाण्याचे टाकीशेजारीं ठेविलें, आणि त्यावर यंत्राचा एक पडदा बसविला. मग एके दिवशीं निमकर माझेकडे आले, हातांत वही नाहीं, कांहीं नाहीं, मांडीवर यंत्र, आणि गोड आवाजानें म्हणाले, “काका, एखाद्याचा आकडा आलाच नाही तर तुम्ही लोक काय करता?” मी म्हणालों, “सदरहू लिहितो. कालचाच आज.” ते म्हणाले, “वा, सोपं आहे,” आणि बोटें चालूं लागलीं. मी तोंड उघडिलें होतें. पुढचें निम्में जिभेवर होतें. परंतु त्यांनीं मान वर केली नाहीं, आणि टाकीचें पाणी माझे पाठीमागें ठिबकत होतें, आणि मला राग आला होता, खोटें कशास बोलूं. मनांत म्हणालों, पुसलें नाहीं तर सांगायचें नाहीं, एवढे शहाणे आहेत तर काढतील शोधून. आणि गप्प बसलों.

यंत्राची उगाच निंदा करणें हेंही पाप, म्हणोन चांगलें तेंही लिहितों. आषाढांत राजधानीचे दक्षिणवेशींत तापाची साथ उठली. आम्ही जुने कारकून असतों तर महिनाभर बेरजा करीत बसलों असतों. यंत्रानें एका दुपारीं सांगितलें कीं ताप ज्या घरीं आहे त्या सर्व घरीं पाणी एकाच टाकीचें येतें. निमकरांनीं टाकी बंद करविली, सात दिवसांत साथ हटली, दीडदोनशें माणसें वांचलीं. धनीसाहेब इतके खूष जाहले कीं यंत्रास हार घातला. मीही त्या दिवशीं मनांतल्या मनांत म्हणालों कीं हें कांहीं साधें काम नाहीं. निमकर स्वभावानें वाईट नव्हते, हेंही येथेंच लिहून ठेवितों.

आतां खैराटवाडीचें वर्तमान. राज्याचे पश्चिमेस मोठें धरण, धरणाचे पाण्यापलीकडे डोंगर, आणि डोंगराचे पायथ्यास ही वस्ती, घरें अकरा, असामी बेचाळीस. तेथें अनसूया नामें आरोग्यसेविका, वय सव्वीस, उपकेंद्राचे खोलींत एकटी राही. तिनें पाटीवर बेचाळीस नांवें घातलीं आणि पहिल्या ओळीस आपलें स्वतःचें घातलें, कीं मोजणाऱ्यालाही ताप येतोच, म्हणोन असामी त्रेचाळीस जाहल्या. तिचा बाप तुळाजी, राजधानीचे थोरले दवाखान्यांत धुलाईखान्यावर, रोग्यांच्या चादरी उकळीत जन्म गेला. बायको निवर्तलेली, मूल हें एकच. अनसूयेस पाण्यापलीकडली नेमणूक जाहली तेव्हां तुळाजी मजकडे आला आणि म्हणाला, “कारकूनसाहेब, पोर एकटी तिकडं राहणार. काय बरंवाईट झालं तर कळायचं कसं?” मी छाती काढोन सांगितलें, “अरे, तीन दिवस खबर नाही आली तर चवथ्या दिवशी इथून माणूस निघतो. मीच पाठवतो. तिलाही सांग, घाबरायचं नाही.” त्यानें लेकीस तसें सांगितलें. हें यंत्र येण्यापूर्वीं तीन महिने.

मग श्रावण शुद्ध द्वादशीस मोठी वावटळ जाहली. डोंगरावरचा टॉवर पडला, धरण तुडुंब भरलें, सरकारी लाँच बंद पडली आणि दिवाळीपर्यंत चालणार नाहीं असा हुकूम निघाला. खैराटवाडीचा फोन लागेना. परंतु नवल असें कीं आकडे येतच राहिले. दुसरे दिवशीं सकाळीं सहा वाजतां पडद्यावर त्रेचाळीस असामी, सर्वांचा ताप, सर्वांची नाडी, जेथल्या तेथें. टॉवरखात्याचे अंमलदारानें पडदा पाहिला आणि म्हणाला, आकडे येतात त्या अर्थीं टॉवर उभाच असेल, आणि दुरुस्तीचीं माणसें दुसरीकडे धाडिलीं. औषधखात्यानें पाहिलें, ताप नाहीं, तर गोळ्या कशास, आणि गोळ्या दुसरीकडे धाडिल्या. यांत कोणी लबाडी केली असें नाहीं. पडदा सांगेल तसें सर्वांनीं केलें.

तुळाजी रोज सकाळीं चादरींची पहिली खेप उकळींत घातली कीं ओले हात पुशीत माझे जिन्याखालीं येई. म्हणे, “फोन लागत न्हाई. आमच्या अनसाचं काय म्हणतंय यंत्र?” मी पडद्यावर पहिली ओळ दाखवीं. ताप अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार, नाडी बहात्तर, प्रकृति उत्तम. तो मोठ्यानें वाचून घेई, हात जोडी, पडद्यालाच जोडी, आणि जाई. दहा दिवस गेले, बारा दिवस गेले. एके दिवशीं म्हणाला, “नाडी बहात्तरच का वो रोज? माझी तर जिना चढला की धडधडती.” मी म्हणालों, “तरुण आहे ती, तुझ्यासारखी म्हातारी नाही.” तो हंसला. त्यानें सुटी मागितली कीं कशीही होडी करोन पलीकडे जाऊन येतों, तर धुलाईखान्याचे मुकादमानें त्यास पडद्यापुढें उभें केलें आणि म्हणाला, ठणठणीत आहे मुलगी, चादरी कोण धुणार?

आतां लिहिणारास तेव्हांच सर्व कळलें होतें काय, असें कोणी पुसेल. कळलें होतें असें म्हणणार नाहीं. आमच्या वहींत ओढून आणलेल्या आकड्यापुढें ‘सदरहू’ दिसे, म्हणोन डोळा थांबे. यंत्राला मी ‘कालचाच आज’ एवढें सांगितलें, तर त्यानें कालचाच आज ठेविला, पण शब्द गाळला, आणि मोजलेला आकडा व ओढलेला आकडा एकाच काळ्या रंगांत शेजारीं शेजारीं बसूं लागले. कोणता जिवंत माणसाचे मनगटावरून आला आणि कोणता कालचे सांवलीवरून, हें ब्रह्मदेवासही सांगतां आलें नसतें. मला संशय आला होता. भाद्रपद लागला तेव्हां मी एकदां सर्व त्रेचाळीस ओळी खालपर्यंत पाहिल्या. बाविसावे ओळीस हौसा नामें बाई, गर्भवती, महिना नववा, पोटांतल्या मुलाचे ठोके एकशें चाळीस. मागच्या आठवड्यांत नववा. त्याच्या मागच्या आठवड्यांत नववा. एकोणतिसावे ओळीस एक दांत येणारें पोर, वजन आठ किलो दोनशें, वीस दिवसांत एक ग्रॅमही इकडचें तिकडे नाहीं. मी तें पाहिलें. मग पडदा बंद केला. म्हणालों, निमकर आहेत ना, शास्त्री आहेत, त्यांस दिसेलच. मी जिन्याखालचा माणूस.

निमकरांस दिसलें, परंतु उलट दिसलें. यंत्र राज्यांतील सर्व वस्त्यांचा चढउतार मोजी, कोठें प्रकृति किती हेलकावते तें पाही, आणि ज्या वस्तीचा चढउतार सर्वांत थोडा ती वस्ती सर्वांत निरोगी, असा धनीसाहेबांचाच नियम. आश्विन शुद्ध तृतीयेस यंत्रानें यादी काढिली तर खैराटवाडी अव्वल, चढउतार शून्य. निमकर थोडे घुटमळले. म्हणाले, “शून्य? एकदा मी मूळ आकडे तपासतो.” धनीसाहेब म्हणाले, “तपासा सावकाश. आधी सत्कार.” मग दरबार भरला, आलेख मोठ्या पडद्यावर लाविला, त्रेचाळीस रेघा, सर्व सरळ, एकही वर नाहीं, एकही खालीं नाहीं. लोक टाळ्या वाजवूं लागले. सेविका हजर नाहीं, सबब तिचे बापास पुढें बोलाविलें आणि भरजरी शाल पांघरून नारळ दिला. तुळाजीच्या हातांची कातडी सोड्यानें सोललेली, ती शालीस अडकूं नये म्हणोन त्यानें ती बोटांच्या टोकांनीं धरिली. मजजवळ येऊन म्हणाला, “ही तिचीच हाय. माझ्याकडं नुसती ठेवायला.” मी त्या सरळ रेघांकडे पाहत होतों. तेव्हांही बोललों नाहीं.

त्याउपरि सात दिवसांनीं घाटापलीकडचे राज्याचें पत्र आलें. त्यांत लिहिलें होतें कीं आपले खैराटवाडीच्या म्हणविणाऱ्या पंचवीस असामी, नांवें सोबत जोडिलीं आहेत, आणि एक तान्हें मूल, घाट चढून आमचे हद्दींत आलीं, शाळेंत ठेविलीं आहेत, फार हडकलीं आहेत, आणि मागें राहिलेल्यांचें काय जाहलें म्हणोन रडतात, तरी आपलीं माणसें ओळखोन घेऊन जावीं. पत्रास वाटेंत महिना लागला होता. दरबारानें पडदा पाहिला. खैराटवाडीच्या त्रेचाळीसही असामी त्या सकाळीं सहा वाजतां आपआपले घरीं, ताप नाहीं, नाडी बरी. मग मजला जबाब लिहावयास बसविलें, कारण अक्षर माझें चांगलें. मी लिहिलें कीं पत्र पावलें, सदर लोक आमचे नव्हेत, आमचे लोक आमचे घरीं सुखरूप असोन दररोज मोजले जातात, तरी तोतयांचा बंदोबस्त आपणच करावा. त्यावर शिक्का मारिला. माझ्याच हातानें मारिला.

दुसरे दिवशीं सकाळीं तुळाजी आला. आज त्याला लेकीचें पुसायचें नव्हतें, मौजेनें दुसरेंच पुसायचें होतें. म्हणाला, “साहेब, वावटळीच्या आदल्या दिवशी अनसा फोनवर म्हणाली व्हती, हौसा आज-उद्याकडं बाळंत हुईल. मी करणार ते पैलंच बाळंतपण, भ्या वाटतंय म्हणाली. काय झालं वो तिला? पोरगा का पोरगी?” मी बाविसावी ओळ काढिली. महिना नववा. ठोके एकशें चाळीस. श्रावणांत नववा, आणि आतां आश्विनांत दिवाळीचे फटाके बाजारांत आले तरी नववा. तुळाजीला अक्षरें लावतां येत. त्यानें वाचलें. मग म्हणाला, “ह्ये असं कसं?”

तेव्हां मी सांगितलें. टाकीचें पाणी ठिबकत होतें आणि मी सांगत गेलों, कीं खबर येत नाहीं तेव्हां यंत्र कालचाच आकडा ठेवितें, आणि हें मीच त्यास शिकविलें, आणि तिसऱ्या दिवशीं माणूस पाठवायचा असतो हें मीच शिकविलें नाहीं, कारण मला जिन्याखालीं बसविलें म्हणोन राग आला होता. तुळाजी रागावला असता तर बरें होतें. तो म्हणाला, “मग किती दिवस झालं?” मी मोजलें. एकोणसाठ. त्यानें ओले हात धोतरास पुशिले आणि म्हणाला, “आता तरी पाठवा की वो माणूस.”

मी निमकरांकडे गेलों. त्यांनीं मूळ आकडे काढिले. एकोणसाठ दिवसांच्या एकोणसाठ ओळी, अक्षरश: एकच. ते म्हणाले, “काका, तुम्ही मला सांगायला हवं होतं.” मी म्हणालों, “होय.” ते म्हणाले, “आणि मी विचारायला हवं होतं.” धनीसाहेबांची परवानगी मागण्यांत दिवस जाईल म्हणोन मागितलीच नाहीं. एका कोळ्याची होडी केली, आणि निमकर, मी आणि तुळाजी असे तिघे निघालों. तुळाजीनें शाल काखेस मारिली होती. म्हणाला, कुणी सांगावं, घाटावर गेलेल्यांत असंल. परंतु पत्रांत सेविकेचें नांव नव्हतें हें मला ठाऊक होतें, आणि त्यालाही मी तें सांगितलें होतें.

आश्विन शुद्ध चतुर्दशीस, तिसरे प्रहरीं, खैराटवाडीस पोंचलों. एकसष्टावा दिवस. अकरा घरें, दहांना बाहेरून कडी, अंगणांत गवत मांडीएवढें, आणि गवतांत पायवाट नाहीं. कुत्रें भुंकलें नाहीं. निमकर उगाच हांक मारीत होते, “कोणी आहे का?” आणि त्यांचा मोबाईल खिशांत होता, त्यावर त्या सकाळचा हिशेब आलेला, कीं खैराटवाडी, असामी त्रेचाळीस, सर्व निरोगी. घरांमागें माळावर सतरा उंचवटे होते. सोळा नीट रचलेले, दगड लाविलेले. सतरावा उथळ होता, एकट्या आणि थकलेल्या माणसानें खणला असावा तसा.

उपकेंद्राची भिंत चुन्यानें सारवलेली, त्या सबंध भिंतीवर कोळशानें कोष्टक आंखिलें होतें. डाव्या हातास त्रेचाळीस नांवें, वर तिथी आणि तारखा. पहिल्या तारखेखालीं लिहिलें होतें, ‘टॉवर पडला. पाटीची बॅटरी संपली. आजपासून भिंतीवर.’ आणि मग आकडे. खरे आकडे. एकशें एक, एकशें तीन, अठ्ठ्याण्णव, एकशें दोन. रोजचे निराळे, प्रत्येकाचे निराळे, चढलेले, उतरलेले, पुन्हा चढलेले. तिसऱ्या दिवसाखालीं, ‘उद्या माणूस निघेल.’ पांचव्याखालीं, ‘पाणी फार आहे, त्याला उशीर होतोय.’ आठव्याखालीं, ‘गोळ्या अर्ध्या करून देते, माणूस येईपर्यंत पुरतील.’ मग पहिल्यांदा एका नांवापुढें ‘गेली’, आणि त्यापुढें एक आडवी रेघ. मग आणखी. अकराव्याखालीं, ‘हौसा बाळंत. मुलगा. रडला. ओळ ४४,’ आणि त्रेचाळीस नांवांखालीं नवी ओळ आंखलेली, ‘बाळ’. पंधराव्याखालीं, ‘चालू शकतात ते पंचवीस घाटावर पाठवले, बाळ हौसाकडे. भिकाबाबाला उचलणारं कोणी नाही, मी थांबते. माणूस आला तर इथं कोणी असायला हवं.’ अठराव्यास भिकाबाबा गेले. त्यानंतर सर्व ओळी बंद आणि पहिलीच ओळ चालूं. अनसूया, एकशें एक. अनसूया, एकशें दोन पूर्णांक पांच. एकविसाव्यास अनसूया, एकशें चार, नाडी एकशें तीस, आणि अक्षर खालीं घसरलेलें. त्यापुढचे रकाने तिनें अगोदरच आंखून ठेविले होते, आठवडाभराचे, तारखा घालोन. ते कोरे होते. सबंध भिंतीवर ‘सदरहू’ हा शब्द एकदांही नव्हता.

खोलीचें दार नुसतें लोटलेलें होतें. तुळाजी म्हणाला, “तुम्ही थांबा.” तो शाल घेऊन आंत गेला. बराच वेळ जाहल्यावर बाहेर आला तेव्हां हातांत शाल नव्हती, काचेची पाटी होती, कापडांत नीट गुंडाळलेली. ती त्यानें निमकरांस दिली आणि ओट्यावर बसला.

निमकरांनीं पाटीस आपल्या पिशवींतली बॅटरी जोडिली. कां जोडिली, तें त्यांनाही सांगतां आलें नसतें, हातांस कांहीं तरी काम हवें होतें. पाटी उजळली. यंत्राची एक प्रत पाटीच्या पोटांतही होती. ती जागी जाहली, तिनें आजची तारीख पाहिली, मागें एकसष्ट दिवस कोरे पाहिले, आणि आम्ही तिघे बघत असतां तिनें ते भरावयास घेतले. टिक्, टिक्, टिक्, असा बारीक आवाज, गव्हांतल्या किड्याचा असतो तसा. श्रावण भरला. भाद्रपद भरला. सतरा उंचवट्यांखालच्या सतरा माणसांच्या नाड्या एकेक दिवसानें पुढें आल्या. हौसाचें बाळ पोटांत परत गेलें आणि ठोके एकशें चाळीस. पहिल्या ओळीस अनसूया, अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार, अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार, अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार, दाराआड जी होती ती काचेवर चालत चालत आजच्या सकाळपर्यंत आली आणि उभी राहिली. खालीं अक्षरें उमटलीं, ‘नोंद पूर्ण. प्रकृति उत्तम.’ तुळाजी ओट्यावरून वांकून तें पाहत होता. माझ्या आयुष्यांत मी इतका कधीं भ्यालों नाहीं, आणि माणसाचे तोंडाकडे पाहण्याची इतकी लाज मला कधीं वाटली नाहीं.

निमकरांनीं तें सर्व पुसलें. रडत होते, परंतु पुसलें. मग भिंतीजवळ मांडी घालोन बसले आणि कोळशाचे आकडे एकेक करोन पाटींत घालूं लागले, मी वाचीत गेलों, ते घालीत गेले. चव्वेचाळिसावी ओळ नवी काढिली. उन्हें उतरलीं तेव्हां एकविसाव्या दिवसावर आलों. अनसूया, एकशें चार, एकशें तीस. त्यापुढें चाळीस दिवस. निमकर थांबले आणि जुन्या संवयीनें मजकडे पाहिलें. म्हणाले, “काका, इथून पुढे काय भरू?” ‘गेली’ लिहावें तर कोणत्या दिवशीं गेली, तें पाहावयास कोणी नव्हतें.

तुळाजी ओट्यावरून म्हणाला, “काय बी भरू नका.” आवाज चढवला नाहीं. चादरी मोजतांना बोलतो तसा बोलला. “चाळीस दीस माझी पोर हितं व्हती आन कोण बी आलं न्हाई. ते दीस तिचे हाईत. तुमच्यापाशी त्यांची खबर न्हाई, तर न्हाई म्हणा. कोरे ठेवा.”

निमकरांनीं कोरे ठेविले. राजधानींत परतल्यावर धनीसाहेबांनीं तें कोष्टक पाहिलें, पित्त खवळलें, भरा म्हणाले. निमकर म्हणाले, भरणार नाहीं, आणि यंत्रास नवा नियम घातला कीं जें मोजलें नाहीं तें कोरें दिसावें, आणि तीन दिवस कोरें दिसलें तर घंटा व्हावी आणि माणूस निघावा. वस्त्रें परत मागितलीं तर तींही देईन, असें बोलले. धनीसाहेबांनीं मागितलीं. घाटापलीकडे दुसरें पत्र मीच लिहिलें, कीं ते लोक आमचेच, आमची चूक जाहली. हौसाचें मूल आतां रांगतें, असा जबाब आला. तुळाजी चादरी उकळतो, जिन्याखालीं येत नाहीं.

येणेंप्रमाणें एकंदर. असामी चव्वेचाळीस. घाट चढोन वांचल्या सव्वीस, तान्ह्यासुद्धां. मातींत सतरा. एक आपले कामावर राहिली. रकाने कोरे चाळीस, ते या लिहिणाराचे नांवें.